७४ मिनिटांचं एक चित्र

आज लुमियनमध्ये घर फिरवलं की काच लगेच चमकते. १९८० मध्ये टर्नर व्हिटेड यांनी रे ट्रेसिंगवरचा लेख छापला, तेव्हा गोळ्यांचं एक चित्र काढायला कॉम्प्युटरला ७४ मिनिटं लागली होती! कारण प्रकाशाचा एकेक किरण उलटा, डोळ्यापासून वस्तूकडे मोजायचा.

आर्किटेक्टची सॉफ्टवेअरं मात्र वेगळ्या वाटेने आली. १९८२ चं ऑटोकॅड रेघांचं. २००० मध्ये आलेल्या स्केचअपमध्ये मॉडेल झटपट उभं राहतं, पण फोटोसारखं चित्र हवं तर व्ही-रेसारखं काहीतरी जोडा. रेव्हिटमध्ये भिंत म्हणजे जाडी, थर, साहित्य यांची नोंद.

आपण फ्लॅट घेतो तो चित्र बघून. ब्रोशरमधला सूर्य कुठूनही उगवतो हो! स्केचअपमध्ये जागा, तारीख, वेळ टाकली की खरी सावली दिसते. बुकिंगआधी बिल्डरला तीच मागा: २१ डिसेंबर, दुपारी ३.