ध्वनिवर्धक : इतिहास आणि विवेक

सभामंडपात कीर्तन रंगात आलेले असावे आणि मागे बसलेल्या वृद्धांस मात्र नुसता गलका ऐकू यावा, हा अनुभव पिरनवाडीसारख्या गावांस नवा नाही. आवाज मोठा, पण शब्द हरवलेला! असे का व्हावे, याचा उलगडा ध्वनिवर्धकाचा इतिहास व रचना पाहिल्यास होतो.

डिसेंबर १९२४ मध्ये येथून जवळच, बेळगावास, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. त्यात बालवयीन गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायिले. सहस्रावधी श्रोत्यांपर्यंत एक कंठ पोहोचविण्याची निकड आपल्याकडे ज्या काळी भासू लागली, त्याच काळी तिकडे अमेरिकेत हे साधन आकारास येत होते. १९१५ मध्ये जेन्सन व प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे कर्ण्याच्या साह्याने प्रचंड जमावास आवाज ऐकविला. १९२५ मध्ये राइस व केलॉग यांनी शंकूच्या आकाराच्या पडद्याचा ध्वनिवर्धक सिद्ध केला. आजचे बहुतेक ध्वनिवर्धक त्याचेच वंशज होत.

याचे तत्त्व सोपे आहे. ध्वनिग्राहकात, म्हणजे मायक्रोफोनमध्ये, आवाजाने पातळ पडदा कंप पावतो. त्यास जोडलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकाजवळ हलते व त्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो वाढवून ध्वनिवर्धकाच्या वेटोळ्यात सोडला की हीच क्रिया उलट घडते. वेटोळे हलते, पडदा हवेस ढकलतो आणि शब्द पुन्हा उमटतो.

कर्णा थोड्या शक्तीत आवाज दूरवर फेकतो, म्हणून तो मैदानास योग्य. परंतु आखूड कर्ण्यात मृदंगाचा खर्ज हरपतो. शिवाय दगडी मंडपात भिंतींवरून परतलेला ध्वनी पुढील शब्दावर आदळतो, आणि आवाज वाढविला की हा घुमाराही तितकाच वाढतो. याउलट, लहान ध्वनिवर्धक एकावर एक बसविलेला स्तंभ श्रोत्यांकडे वळविल्यास छताकडे जाणारा ध्वनी कमी होतो व शब्द स्पष्ट येतो. ध्वनिग्राहक वक्त्याच्या ओठांजवळ, पण ध्वनिवर्धकांच्या मागे असावा. समोर आल्यास कर्कश शिट्टी वाजू लागते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास सर्वसाधारणतः मनाई आहे. तथापि नियमाहून विवेक थोर होय. मंडपातील शेवटच्या श्रोत्यास शब्द कळावा आणि मंडपाबाहेरील आजाऱ्याची झोप मोडू नये, एवढे साधले म्हणजे या यंत्राचे सार्थक झाले.