एकच रंग, दोन उत्तरं

आज मेंदूच्या वायरिंगवरून पेटलेलं एक जुनं भांडण.

१८७३. मिलानजवळच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात लॅब थाटून कामिल्लो गॉल्जी (हो, शाळेतल्या गॉल्जी बॉडीवाला तोच) मेंदूच्या चकत्या पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवत होता. मोजक्याच पेशी काळ्या व्हायच्या, पण अगदी टोकापर्यंत. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा गिचमिडा दिसला असता. गॉल्जीचं मत पडलं की सगळे धागे मिळून एकच अखंड जाळं आहे.

१८८८ मध्ये बार्सिलोनात सांतियागो रामोन इ काहालनं तीच पद्धत वापरली, पण पिल्लांवर आणि भ्रूणांवर. कारण त्यांच्या धाग्यांवर मायलिनचं आवरण पुरतं चढलेलं नसतं, त्यामुळे रंग छान बसतो. त्याला धागे मोकळे संपताना दिसले. म्हणजे प्रत्येक न्यूरॉन स्वतंत्र! डेंड्राइटच्या फांद्या संदेश घेतात, लांब ॲक्सॉन तो पुढे पाठवतो. माझ्यासारख्या कोडवाल्याला हे इनपुट-आउटपुट लगेच कळतं. काहालनं ते मेलेल्या पेशींच्या आकारावरून ओळखलं, हे मात्र भारीच.

१९०६ चं नोबेल दोघांना मिळून. आणि गॉल्जीनं आपल्या नोबेल भाषणात काय केलं? न्यूरॉन सिद्धांतावरच टीका! दोन न्यूरॉन्समधली फट प्रत्यक्ष दिसली ती १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. तोवर दोघंही गेले होते.

न्यूरॉन्सना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी राहिल्याच. तिथेही काहालच्याच लॅबमध्ये एक भांडण झालं होतं. ते पुढच्या भागात.