मरणशय्येवरील बाप्तिस्मा

रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन इ. स. ३३७ च्या मे महिन्यांत निकोमेडिया शहराजवळ वारला. ख्रिस्ती धर्मास राजाश्रय देणारा हा पहिला रोमन सम्राट. ३२५ सालीं निकाया येथें भरलेल्या धर्मपरिषदेंत तो जातीनें बसला होता आणि बिशपांच्या वादांत मध्यस्थीही करीत होता. परंतु या सर्व काळांत त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नव्हता! मृत्यु अगदीं दारांत आल्यावर त्यानें तो घेतला, आणि मग सम्राटाचा जांभळा पोषाख पुन्हा अंगाला न लावतां नवदीक्षिताच्या शुभ्र वस्त्रांत प्राण सोडला. गिबनसारख्या इतिहासकारास या दिरंगाईंत सोयीचा हिशेब दिसला: आयुष्यभर मनास येईल तसें वागावें आणि शेवटीं एका स्नानानें सारें धुऊन टाकावें. ज्यानें ३२६ सालीं पोटच्या मुलास, क्रिस्पसला, ठार करविलें, त्याच्याविषयीं असा संशय येणें स्वाभाविक आहे. तथापि या गोष्टीचें मूळ आम्हांस एका माणसाच्या धूर्तपणापेक्षां एका सिद्धान्ताच्या कठोरपणांत अधिक दिसतें.

तो सिद्धान्त प्रेषित पौलाचा. सुमारें ५७ सालीं रोम येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत त्यानें तो मांडला आहे. देवाची कृपा पापाहून मोठी असेल, तर ती आणखी वाढावी म्हणून पाप करीत राहण्यास काय हरकत आहे, असा आडवा प्रश्न तो आपणच उपस्थित करतो. त्यावरील त्याचें उत्तर नीतिपाठाचें नाहीं. मेलेल्या गुलामावर धन्याचा हक्क चालत नाहीं, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर मेला, पुरला गेला, आणि ख्रिस्त उठला तसा नव्या आयुष्यासाठीं उठला. मग पापाची चाकरी करणारा जुना माणूस उरलाच कोठें? त्या काळच्या रोमांत गुलाम घरोघर असत, त्यामुळें ही भाषा वाचकांस समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

पुढील तीनशें वर्षांत हें रूपक विधींत उतरलें. ईस्टरच्या आदल्या रात्रीं दीक्षा घेणारे प्रथम पश्चिमेस, म्हणजे अंधाराच्या दिशेस, तोंड करून सैतानाचा त्याग करीत आणि मग पूर्वेकडे वळत. जुनीं वस्त्रें टाकून ते कुंडांत उतरत व तीन वेळां पाण्याखालीं जात. हीं तीन बुडणीं म्हणजे ख्रिस्ताचे थडग्यांतील तीन दिवस, आणि हेंच पाणी तुमची कबर झालें व आईही झालें, असें यरुशलेमेस नवदीक्षितांना समजावून देत. मिलान येथील कुंड अष्टकोनी होतें. आठवड्याचे सात दिवस सरल्यावरचा आठवा दिवस हा पुनरुत्थानाचा, असा त्यांतील भाव. त्याचे अवशेष मिलानच्या मोठ्या चर्चसमोरील चौकाखालीं अजून पाहावयास मिळतात. ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टिन याच कुंडांत उतरला.

पण एकदां मेलेला माणूस दुसऱ्यांदा कसा मरणार? बाप्तिस्मा जन्मांत एकदांच. त्यानंतर खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग यांसारखें घोर पाप घडलें, तर सर्वांदेखत प्रायश्चित्त हाच मार्ग. आणि तोही एकदांच उघडे. म्हणून २०० सालाच्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियननें लहान मुलांना व अविवाहितांना घाई न करण्याचा सल्ला दिला. चौथ्या शतकांत तर हें थांबणें पुष्कळ घरांत रूढच झालें. ऑगस्टिन बालपणीं मरणाच्या दारीं टेकला तेव्हां त्याच्या आईनें, मोनिकेनें, बाप्तिस्म्याची तयारी चालविली; पोरगा बरा होतांच बेत तहकूब केला. ३७४ सालीं अँब्रोज मिलानचा बिशप निवडला गेला, त्या वेळीं त्याचाही बाप्तिस्मा व्हावयाचाच होता! आमच्या वाचकांस येथें आपल्याकडील आतुरसंन्यास आठवेल. अंतकाळीं संन्यास घेतलेला मनुष्य दैवयोगानें बरा झाला म्हणजे जो पेच पडे, तोच पेच ख्रिस्ती जगांत एका सम्राटावर आला.

हा सम्राट थिओडोसियस. ३८० सालीं थेसलोनिका येथें तो मरणोन्मुख झाला, त्यानें बाप्तिस्मा घेतला आणि तो खडखडीत बरा झाला. पुढें दहा वर्षांनीं, ३९० सालीं, त्याच थेसलोनिकेंत एका लोकप्रिय सारथ्याच्या अटकेवरून दंगा झाला व बुथेरिक नांवाचा सेनापति मारला गेला. सम्राटाच्या हुकुमानें सैन्यानें शहरांत कत्तल केली. सात हजार माणसें पडलीं असें थिओडोरेट लिहितो. हा आंकडा बराच मागाहूनचा आहे; पण कत्तल भयंकर होती यांत शंका नाहीं.

अँब्रोजनें चर्चच्या दारांत उभें राहून सम्राटास अडविलें, ही कथाही थिओडोरेटचीच, आणि चित्रकारांनीं ती फार लोकप्रिय केली. अँब्रोजचें मूळ पत्र उपलब्ध आहे, आणि त्यावरून खरी हकीकत याहून शांत, पण आमच्या मतें अधिक धीराची होती असें दिसतें. तो सम्राटाची भेट टाळून मिलानबाहेर गेला. तेथून त्यानें स्वहस्तें, दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडूं नये असें, पत्र लिहिलें. त्यांत पश्चात्ताप करणाऱ्या दावीद राजाचें उदाहरण देऊन, तुम्ही हजर असतांना मला वेदीवर अर्पण करवणार नाहीं, असें कळविलें. थिओडोसियसनें राजचिन्हें उतरवून भर चर्चमध्यें रडून क्षमा मागितली. त्याच वर्षाच्या नाताळांत त्यास पुन्हा पंक्तींत घेतलें, असें मानतात.

पुढें मुलांना बाळपणींच बाप्तिस्मा देण्याची चाल सर्वत्र पडली आणि हा पेच या स्वरूपांत उरला नाहीं. कॉन्स्टंटाइनला मात्र तो सोडवावाच लागला नव्हता. त्याचें नवें आयुष्य कांहीं दिवसांचेंच ठरलें. थिओडोसियसला तें पंधरा वर्षें जगावें लागलें, तेंही सिंहासनावर आणि हातांत तलवार घेऊन. ३९४ च्या सप्टेंबरांत फ्रिगिडस नदीवर त्यानें यूजीनियसचा पराभव केला. युद्ध त्याच्या दृष्टीनें न्याय्य होतें आणि जयही मोठा होता. तरीहि रणांत शत्रु मारले गेले म्हणून आपली मुलें येऊन पोंचेपर्यंत तो प्रभुभोजनापासून दूर राहिला, असें अँब्रोजनें त्याच्या मृत्यूनंतरच्या भाषणांत सांगितलें आहे. तो १७ जानेवारी ३९५ रोजीं मिलान येथें वारला.