कारैकाल : एका सौद्याची दोन शतके

चेन्नईहून किनाऱ्याने दक्षिणेस सुमारे 300 किलोमीटर गेले की कारैकाल लागते. भोवतालच्या मुलखाहून ते वेगळे दिसत नाही. तीच कावेरीकाठची भातशेती, तीच तमिळ भाषा. तरीही 1954 पर्यंत येथे फ्रान्सचे निशाण होते, आणि त्याचे मूळ मराठ्यांच्या एका गृहकलहात आहे.

1738 मध्ये तंजावरच्या भोसले घराण्यात गादीचा तंटा पेटला होता. पदच्युत राजाने (फ्रेंच कागदपत्रांत त्याचे नाव सहूजी असे येते) पुदुच्चेरीचा गव्हर्नर द्युमा याच्याकडे साहाय्य मागितले. 40,000 चक्रमांच्या बदल्यात कारैकाल, एक किल्ला व पाच गावे देण्याचे ठरले. गादी परत मिळताच राजा शब्द पाळीनासा झाला. अखेर चंदासाहेबाच्या मदतीने 14 फेब्रुवारी 1739 रोजी फ्रेंचांनी ताबा मिळविला. शेजारी तरंगंबाडीस डेन, नागपट्टणास डच होतेच. फ्रेंचांना बंदर आणि तांदूळ दोन्ही हवे होते.

या व्यवहारात तेथील कुळांना व कोळ्यांना कोणी विचारले नाही. परिणाम मात्र त्यांच्याच वाट्याला आले. 1848 मध्ये फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. तेव्हा याच बंदरातून करारबद्ध माणसे रियुनियन, मार्तिनिक, ग्वादलूपकडे गेली. 1881 च्या हुकुमाने जातिधर्माचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी संहिता स्वीकारण्याची मुभा दिली. ज्यांनी ती घेतली, त्यांना नवे आडनाव मिळाले. कित्येक पुढे सैनिक वा कारकून म्हणून इंडोचायनात गेले.

इतिहासाचा उपरोध असा, की ज्या राज्याने हा तुकडा दिला, ते 1799 मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. तुकडा मात्र, मधली इंग्रजी अंमलाची काही वर्षे वगळता, दीडशे वर्षांहून अधिक काळ फ्रेंचच राहिला. 1 नोव्हेंबर 1954 रोजी कारभार भारताकडे आला, 16 ऑगस्ट 1962 रोजी हस्तांतर कायदेशीर झाले. त्यानंतर सहा महिन्यांत फ्रेंच नागरिकत्व राखण्याचा पर्याय रहिवाशांना होता. एकेका घरापुढे हा प्रश्न उभा राहिला : आपण कोणाचे?

गावाने आपले उत्तर फार पूर्वीच शोधले असावे. दरवर्षी आनी महिन्यात कारैकाल अम्मैयार या प्राचीन संत कवयित्रीच्या स्मरणार्थ आंब्यांचा उत्सव भरतो. मिरवणुकीवर घराघरांतून आंबे उधळले जातात. राजे, कंपन्या, गव्हर्नर येऊन गेले. गाव नाव घेते ते भुकेल्या अतिथीला घरातला आंबा देणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या पत्नीचे.