सहा फ्लोरिन आणि एक जास्तीची जोडी

अकरावीच्या रसायनशास्त्रात ‘व्हीएसईपीआर’ नावाचा सिद्धान्त असतो. मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोजायच्या, त्या एकमेकींपासून होतील तितक्या लांब ठेवायच्या, की रेणूचा आकार मिळाला. प्रवेश परीक्षेतले हक्काचे मार्क. या मोजणीची एकदा खरीखुरी परीक्षा झाली होती, हे मात्र कुठल्या क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही.

मूळ कल्पना १९४० मध्ये ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी मांडली. १९५७ मध्ये लंडनमधल्या गिलेस्पी आणि नायहोम यांनी तिला धार लावली: बंधात न अडकलेली एकाकी जोडी जास्त जागा खाते आणि शेजारच्या बंधांना रेटते. म्हणून मिथेनमधला १०९.५ अंशांचा कोन अमोनियात १०७ आणि पाण्यात १०४.५ होतो.

१९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग बनवलं. निष्क्रिय म्हणून सोडून दिलेला वायू! काही महिन्यांत त्याची फ्लोराइडंही तयार झाली. दोन फ्लोरिनचा रेणू सरळ रेषेत, चारांचा चौरस. इथवर भांडण नव्हतं. पेच पडला तो सहा फ्लोरिनच्या रेणूवर. रेण्वीय कक्षकांचं गणित करणारे म्हणत होते, सहाही फ्लोरिन समान अंतरावर बसतील, निर्दोष अष्टफलक होईल. गिलेस्पींचा हिशेब साधा होता: झेनॉनचे ८ इलेक्ट्रॉन, फ्लोरिनचे ६, म्हणजे ७ जोड्या. सहा बंधांत गेल्या, सातवी कुठेतरी बसणारच. तेव्हा आकार वाकडा.

वायुरूप रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून लॉरेन्स बार्टेल यांनी तपासलं. अष्टफलक निर्दोष नव्हता. शिवाय रेणू स्वस्थही बसत नाही, एका वाकड्या रूपातून दुसऱ्यात सतत जात राहतो.

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट फारच आवडते. मोठ्या गणितापेक्षा इथे बोटांवरची मोजणी सरस ठरली. त्या काळी ते गणितही ढोबळ गृहीतकं धरूनच करावं लागे, हे खरं; पण गिलेस्पींकडे तर तेवढंही नव्हतं.

आणि तरीही, सहा क्लोरिनवाला टेल्युरियमचा ऋण आयन घ्या. जोड्या सातच, एक एकाकी, पण आकार निर्दोष अष्टफलक. सहा थोराड क्लोरिनांच्या गर्दीत सातव्या जोडीला बाहेर डोकावायला जागाच उरत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. ‘जोड्या मोजा’ एवढ्या नियमात ते कुठेच नव्हतं.