दिनविशेष : ७ जानेवारी — स्वतःच्या तबकडीचे कुलूप

७ जानेवारी २००३ रोजी नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील न्यायालयाने, डीव्हीडीवरील चित्रपटांचे सांकेतिक कुलूप उघडणाऱ्या ‘डीसीएसएस’ या आज्ञावलीसंबंधी आरोपी ठरलेल्या १९ वर्षांच्या योन लेक योहान्सेन याची निर्दोष मुक्तता केली. सरकार पक्षाने अपील दाखल केले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला वरिष्ठ न्यायालयानेही तोच निकाल कायम केला.

रीतसर दाम मोजून घेतलेली तबकडी, निर्मात्याने नेमून दिलेल्या यंत्रावर नव्हे, तर आपल्या पसंतीच्या संगणकावर पाहण्याची ग्राहकास मुभा आहे, आणि आपल्याच मालकीच्या वस्तूचे कुलूप उघडणारा मनुष्य केवळ तेवढ्यावरून गुन्हेगार ठरत नाही, हे या निकालाने मान्य केलेले तत्त्व मला आरोपीच्या सुटकेहूनही मोलाचे वाटते. कारण याच आज्ञावलीच्या प्रसारास न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० साली मनाई हुकूम दिला होता. कलावंताच्या श्रमांचे रक्षण व्हावे, यात शंका नाही. परंतु विक्री झाल्यावरही किल्ली विक्रेत्याच्याच हाती राहावी काय, हा प्रश्न आज ई-पुस्तके आणि चित्रपट परवान्यावरच मिळू लागल्याने अधिकच तीव्र झाला आहे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात आलेले कलम ६५-अ असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगते, मात्र ती हक्कभंगाचा हेतू असेल तरच. हेतूची ही अट, माझ्या मते, प्राणपणाने जपण्यासारखी आहे.