वदवून घेणं

माझा भाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. टेबलाभोवती पाच-सहा जण, मूठभर फासे, आणि बाकी सगळं कल्पनेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत काढलेला हा खेळ. परवा भाचेबुवांनी विचारलं, "मामा, या वेळी मी चौकशी करणारा पुरोहित झालोय. गुन्हेगाराकडून खरं वदवून घ्यायला देवाकडे कोणते मंत्र मागू?"

आता मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण त्याचं नियमांचं पुस्तक (२०१४ ची पाचवी आवृत्ती) चाळायला घेतलं आणि रात्रीचा एक वाजला!

त्यात ‘झोन ऑफ ट्रूथ’ नावाचा मंत्र आहे. पंधरा फूट त्रिज्येच्या वर्तुळात दहा मिनिटं मंत्राचा अंमल. ज्याच्यावर तो लागू पडला, त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. दुसरा ‘स्पीक विथ डेड’. प्रेताला पाच प्रश्न विचारायचे. पण प्रेताला जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच सांगता येतं, तेही तुटक आणि कोड्यात. बरं, ते तुमच्या विरोधातलं असेल तर खरंच बोलेल याचीही खात्री नाही.

हे वाचताना मला सारखी आपल्याकडची ‘दिव्यं’ आठवत होती. आज आपण ‘दिव्य पार पडलं’ असं दहावीच्या परीक्षेबद्दलही म्हणतो, पण हा मुळात न्यायालयातला शब्द. मराठेशाहीत वतनाच्या भांडणात ‘रवादिव्य’ होत असे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढायचा. मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी सोडून बघायचा. हात धड असेल तर माणूस खरा. गंमत म्हणजे मध्ययुगीन युरोपातही तापलेलं लोखंड हातात धरून चालायला लावत, हात बांधत आणि तीन दिवसांनीच बघत. तिथे हे सगळं पाद्र्याच्या साक्षीने चाले.

आपण याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण हंगेरीच्या राज्यातल्या वाराद गावची (आज ते रुमानियात आहे) १२०८ ते १२३५ या काळातली नोंदवही उरली आहे. तीत लोखंड उचललेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक निर्दोष सुटलेले दिसतात, आणि बरीच प्रकरणं लोखंड तापण्याआधीच मिटलेली. पीटर लीसन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने याचा उलगडा असा केला आहे: देव खरं-खोटं करतो यावर ज्याचा विश्वास आहे, तो गुन्हेगार दिव्याला उभाच राहणार नाही. आधीच कबूल होईल नाहीतर तडजोड करेल. जो उभा राहिला तो बहुधा निर्दोष, आणि पाद्रीही मग विस्तव जरा बेताचा ठेवत असणार. म्हणजे दिव्याचं खरं काम हात भाजण्याच्या आधीच झालेलं असे.

पुढे मात्र अंगावर काटा येतो. १२१५ साली तिसऱ्या इनोसंट पोपने भरवलेल्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यांना आशीर्वाद द्यायला मनाई केली. देवाला असं वेठीला धरू नये, हा विचार चांगलाच होता. पण आता निवाडा कशावर करायचा? इंग्लंडने ज्यूरीची वाट धरली. युरोपच्या बऱ्याच भागात गंभीर गुन्ह्याला दोन प्रत्यक्ष साक्षीदार किंवा आरोपीची कबुली, असा दंडक झाला. साक्षीदार नसले की उरली कबुली. आणि १२५२ साली चौथ्या इनोसंटने पाखंड्यांकडून कबुली काढायला छळाची परवानगी दिली. (नाव इनोसंट!) देव बोलायचा थांबला, आणि माणसाला बोलतं करायचं काम माणसाने हातात घेतलं.

आपल्या काळातला ‘झोन ऑफ ट्रूथ’ म्हणजे नार्को चाचणी. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही, म्हणजेच गप्प राहण्याचा हक्क आरोपीला आहे.

आणि गंमत बघा, त्या खेळातही हा हक्क आहे! मंत्र लागू पडलेल्याला तो कळतो, आणि त्याला उत्तर टाळता येतं. खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. मला त्या पुस्तकातला सगळ्यात आवडलेला नियम हाच.

म्हणून भाच्याला सांगितलं, झोन ऑफ ट्रूथ घे. जोडीला तो मन शांत करणारा मंत्र घे, भेदरलेल्या माणसाची भीती त्याने मिनिटभर तरी दूर होते. घाबरलेला माणूस खरं बोलेलच असं नाही, तुला जे हवं ते बोलेल.

"आणि तो गप्पच बसला तर?"

मग याज्ञवल्क्य स्मृती बघ, म्हटलं. तिथे कागदपत्रं, वहिवाट आणि साक्षीदार आधी येतात. यातलं काहीच नसेल तर दिव्य. तेव्हा ऊठ, साक्षीदार शोध.

भाच्याला हे फारसं पटलेलं दिसलं नाही. त्याला कैदी रविवारच्या आत बोलायला हवा आहे :)